पेडणे-डिचोलीचे ऋतुमान आणि पाहुण्यांची बॅग

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद इत्यादी ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी अनेकांचे कुलदैवत गोमंतकात आहे. घरात लग्न झाले, मुंज झाली, नातवंड झाले, की त्यास देवाच्या पायांवर घालण्यासाठी मंडळी सहकुटुंब इकडे येतात. पेडणे महालाचे तर उत्तरेशी नाते फार जुने आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हे याच महालातील समुद्रकाठच्या केरी गावचे. शिंदेशाहीच्या चाकरीत कोकण-गोव्याकडील कितीतरी घराणी त्या काळी उत्तरेस गेली आणि तिकडचीच झाली. गाव सुटला, भाषेचा हेल बदलला. देव मात्र इथेच राहिला. त्यामुळे येणे-जाणे चालू आहे, आणि ते चालू राहावे अशीच आमची इच्छा आहे.

येण्यापूर्वी ही मंडळी इकडच्या आप्तांस एक प्रश्न हटकून विचारतात. पूर्वी तो पत्रातून येई, आता दूरध्वनीवरून येतो. ‘तिकडे हवा कशी आहे? बरोबर काय काय आणावे?’ प्रश्न दिसण्यात साधा, परंतु त्याचे नीट उत्तर क्वचितच दिले जाते. ‘इथे काय, बारा महिने सारखेच’ असे सांगून यजमान मोकळे होतात. पाहुणे मग आपापल्या गावच्या अनुभवावर बॅग भरतात, आणि त्यातून केवळ गैरसोयच होते असे नाही. वयस्कर माणसांच्या जिवावर बेतण्याचे प्रसंगही येतात. म्हणून या विषयावर चार शब्द सविस्तर लिहावेत असे आम्हांस वाटले.

मुळात हवेचा विचार करण्याची आपली सवयच ज्याच्या त्याच्या गावावरून ठरते. ग्वाल्हेरचा माणूस थंडी किती आणि ऊन किती एवढेच विचारतो, कारण त्याच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा ७ अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ४२ अंशांपर्यंत चढतो. लंडन-टोरांटोहून येणारा नातू तर चार ऋतूंचे चार कपाटभर कपडे बाळगणारा. इकडे पणजीचे आकडे पाहावेत, तर जानेवारीची पहाट सरासरीने २० अंशांच्या आसपास आणि मे महिन्याची दुपार ३३-३४ अंशांची. म्हणजे थंडी-उन्हाच्या हिशेबाने पाहिले, तर ‘बारा महिने सारखेच’ हे यजमानांचे म्हणणे खोटे ठरत नाही. परंतु गोमंतकाविषयी विचारावयाचा प्रश्न थंडी-उन्हाचा नव्हेच. हवेत पाणी किती आहे, हा इथला खरा प्रश्न होय. कपडे, पादत्राणे, औषधे, खाऊ, प्रवासाची वेळ, सर्व काही त्यावर ठरते.

आता पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांविषयी. हे दोन्ही प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. डिचोली आधी, आणि पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे इथली देवळे, जत्रा आणि मराठीपण पुष्कळसे अबाधित राहिले. हवेच्या दृष्टीने मात्र दोहोंत फरक आहे. पेडण्याच्या पश्चिमेस मोरजे, मांद्रे, हरमल, केरी ही समुद्रकाठची गावे असून उत्तरेस तेरेखोलची नदी आणि दक्षिणेस शापोरा आहे. दुपारी जमीन तापली, की समुद्रावरून वारा सुटतो आणि किनाऱ्यावरच्या माणसास हायसे वाटते. डिचोलीपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर दूर. मध्ये टेकड्या. तो वारा तिथवर पोहोचेपर्यंत त्यातला गारवा संपलेला असतो. तेव्हा हरमलच्या वाळूत बसून केलेला हवेचा अंदाज साखळीच्या बाजारात लागू पडत नाही. उलट थंडीच्या पहाटे डिचोली-साखळीच्या खोऱ्यांत जे दाट धुके उतरते, त्याची किनाऱ्यावरच्या पाहुण्यास कल्पनाही नसते.

देवकार्यासाठी येणाऱ्यांची एक अडचण अशी, की सहलीला येणारा माणूस आपल्या सोयीचा महिना निवडू शकतो. देवाची तिथी मात्र कोणाच्या सोयीने हलत नाही. शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस, ऐन काहिलीत. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराकडील गोकुळाष्टमीचे स्नान भर श्रावणात. पेडण्याची पुनव कोजागिरीस, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात. साखळीच्या विठ्ठलापूरचा उत्सव त्रिपुरी पौर्णिमेस. एवढी एकच तिथी हवेने पाहुण्यांवर कृपा केलेली. म्हणून आम्ही पुढील माहिती महिन्यांच्या नव्हे, तर या तिथींच्या अनुरोधाने देत आहोत.

वैशाखापासूनच आरंभ करू. शिरगाव हे डिचोली तालुक्यातील गाव. लईराईच्या जत्रेस व्रतस्थ ‘धोंड’ हजारोंनी येतात, तळीवर स्नान करतात आणि उत्तररात्री पेटलेल्या होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. मोगरीच्या कळ्यांचा वास आणि होमाचा धूर यांनी ती रात्र भरून गेलेली असते. इंदूरचा माणूस ३५ अंश हा आकडा ऐकून हसतो. त्याने बेचाळीस पाहिलेले असतात. परंतु कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता वाहतो. शरीरातील पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र निवत नाही. म्हणून बेचाळीस अंश सोसलेला मनुष्य इथे पस्तीस अंशांत घेरी येऊन बसतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी याविषयी आपल्या वैद्यांस निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण त्यांतील काही गोळ्या शरीरातील पाणी कमी करणाऱ्या असतात.

या दिवसांत अंगावर सुतीच वस्त्र असावे, सैल असावे, आणि दिवसातून दोनदा बदलता येईल इतके असावे. खांद्यावर सुती पंचा असावा. त्यासारखी उपयोगी वस्तू दुसरी नाही. पांढरे कपडे आणू नयेत असे आम्ही आवर्जून सांगतो. तांबड्या मातीचा आणि खनिजाच्या धुळीचा डाग धोब्याच्या हातूनही सुटत नाही. मध्यंतरी बंद पडलेले खाणकाम डिचोली तालुक्यात २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्याने रस्त्यांवरील धुळीची आठवण ठेवणे पुन्हा प्राप्त झाले आहे. पिण्यासाठी शीतपेयांच्या बाटल्यांपेक्षा शहाळे बरे. यास इकडे ‘आडसर’ म्हणतात. सोलकढीही भरपूर घ्यावी. आणि या महिन्यात येऊन मानकुराद आंबा न खाता परत जाणाऱ्याविषयी आम्ही काही न बोलणेच योग्य.

शिरगावच्या जत्रेविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०२५ साली ३ मे रोजी पहाटे या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद उताराची वाट, रात्रीची वेळ, उष्मा आणि अलोट गर्दी यांत वृद्ध व लहान मुले यांना नेऊ नये, हे त्यापूर्वीही खरे होते. ज्यांना केवळ देवीचे दर्शन घ्यावयाचे आहे, त्यांनी होमाची रात्र टाळावी. पुढील दिवसांत कौलोत्सव चालू असतो, तेव्हा सकाळच्या प्रहरी जावे. देवी तीच असते.

पूर्वी मे महिना पावसाच्या दृष्टीने निर्धोक समजला जाई. मुंजी आणि लग्ने त्याच भरवशावर अंगणात मांडव घालून होत. अलीकडे तो भरवसा राहिलेला नाही. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे कोसळून वाटा बंद झाल्या आणि कितीतरी गावे अंधारात राहिली. २०२५ मध्ये तर मृगाची वाट न पाहता पाऊस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच दाखल झाला. आगरवाड्याच्या मिठागरांत काम करणाऱ्यांना विचारावे. उन्हावर पिकणारे मीठ अवकाळी सरीने एका रात्रीत विरघळते. शाळेच्या सुटीचे गणितही बदलले आहे. गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग २०२५ पासून एप्रिलमध्येच भरू लागले. तेव्हा एप्रिलात सर्व यजमान घरी मोकळे बसलेले असतील, असे पाहुण्यांनी गृहीत धरू नये.

आता पाऊस. याविषयी सावकाशीने लिहिणे आवश्यक आहे, कारण देशावरील किंवा माळव्यातील माणसाने पाऊस पाहिलेला असतो, परंतु हा पाऊस नव्हे. गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याकडे वाळपईच्या बाजूस तो याहूनही पुष्कळ अधिक. त्यातील नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इंदूरला सबंध वर्षात जेवढा पाऊस होतो, जवळजवळ तेवढा इथे एकट्या जुलैत होतो. पुनर्वसू आणि पुष्य या नक्षत्रांत तर सूर्यदर्शन ही बातमी होते. हवेतील दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांखाली उतरत नाही. मराठीत ‘सादळणे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा संपूर्ण अर्थ ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्याने आषाढात आठ दिवस डिचोलीस काढावेत. पापड सादळतात, काड्यापेटी सादळते, पुस्तकांची पाने सादळून मऊ पडतात, मीठ बरणीत पाणी सोडते. माळव्यातून प्रेमाने आणलेली रतलामी शेव पिशवी उघडल्यावर तासाभरात दोरीसारखी होते. म्हणून या दिवसांत खाऊ आणावयाचा, तर घट्ट झाकणाच्या डब्यातून आणावा आणि एकदम न उघडता थोडथोडा काढावा. बडोद्याच्या चिवड्यासही हाच नियम.

इथली माणसे या चार महिन्यांची तयारी वैशाखातच करतात. सुक्या मिरच्या, आमसुले, कांदे, डाळी, मीठ, सुके मासे यांची बेगमी करतात. या साठवणीस ‘पुरुमेंत’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द आहे. घराच्या पश्चिमेकडील पडवीस चुडतांचे विणलेले झाप लावून झड अडवितात. आता झापांच्या जागी प्लास्टिकचे कापड आले, तरी काम तेच. ज्या गावात घरेसुद्धा पावसासाठी कपडे करतात, तिथे पाहुण्याने हलगर्जीपणाने येऊ नये.

कपड्यांच्या बाबतीत पावसाळ्याचा नियम उन्हाळ्याच्या अगदी उलट आहे, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. ‘गोव्यात सुती कपडे बरे’ हे वाक्य ऐकून मंडळी जुलैत जाड सुती कपडे आणतात. ते एकदा भिजले, की तीन दिवस वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी त्यांस कुबट वास येतो. पावसाळ्यात टेरीकॉट, टेरीलिन असे झटपट वाळणारे कापड उत्तम. स्त्रियांनी सुती साड्यांपेक्षा हलक्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या आणाव्यात आणि त्या घोट्याच्या वर नेसाव्यात. यात संकोचाचे कारण नाही, इकडे सर्वच तसे करतात. आतले कपडे मात्र सुती असावेत, आणि राहावयाच्या दिवसांच्या दुप्पट संख्येने असावेत. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवावा; पातळ पंचे चार आणावेत. देवकार्यासाठी सोवळे लागते, त्यास आपल्या पूर्वजांनी रेशमी कद नेमून दिला. तो ओला झाला तरी लवकर वाळतो, ही गोष्ट शास्त्रकारांच्या मनात होती की नाही ते ठाऊक नाही, परंतु भर पावसातल्या अभिषेकाच्या वेळी तिचे महत्त्व पटते. भरजरी शालू मात्र आणू नयेत. जर काळी पडते.

चामड्याच्या चपला-बुटांवर चार दिवसांत हिरवी बुरशी येते, म्हणून रबरी किंवा प्लास्टिकची पादत्राणे आणावीत. त्यांचा तळ खडबडीत असावा. हा मुद्दा आम्ही शोभेसाठी लिहीत नाही. इथल्या देवळांच्या आणि जुन्या घरांच्या पायऱ्या चिऱ्याच्या असतात. पहिल्या पंधरवड्यातच त्यांवर शेवाळ धरते, आणि त्यावरून पाय सटकून खुब्याचे हाड मोडून घेणारी वृद्ध माणसे दर पावसाळ्यात असतात. साठीपुढील माणसाने बरोबर काठी आणावी. काठी घेणे कमीपणाचे वाटत असेल, तर लांब दांड्याची छत्री घ्यावी आणि तिचा उपयोग काठीसारखा करावा. घडीची छत्री इथल्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी उलटी होते. मोठी काळी छत्री डिचोली किंवा म्हापशाच्या बाजारात मिळते, ती इथेच घ्यावी.

औषधे बरोबर असतातच. गोळ्या सुट्या करून डबीत भरू नयेत, मूळच्या पाकिटातच ठेवाव्यात, कारण दमट हवेत सुट्या गोळ्या मऊ पडतात. ती पाकिटे, तपासणीचे कागद आणि श्रवणयंत्र असल्यास ते, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावे. एक विजेरी हवीच. झाडाची फांदी तारेवर पडली, की रात्रभर दिवे नसतात. डासांचा बंदोबस्त यजमान करतील, तरी आपले मलम आपण आणावे. पायास भेग किंवा जखम असेल, तर साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये; उंदरांच्या मूत्रामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस याच दिवसांत होतो, आणि ताप साधा समजून घरी अंगावर काढला तर तो प्राणघातक ठरू शकतो. परत गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर आपण पावसात कोकणपट्टीत जाऊन आलो, हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांस ते स्वतःहून कसे सुचावे?

पाण्याविषयी एक ताकीद आहे. हरवळ्याचा धबधबा आणि त्याशेजारचे रुद्रेश्वराचे देऊळ पावसाळ्यात पाहण्यासारखे असते, यात शंका नाही. परंतु ते कठड्याच्या अलीकडून पाहावे. डोंगरात कोसळलेल्या सरीचे पाणी, वर आकाश उघडलेले असतानाही, क्षणात खाली येते. समुद्रात तर जून ते सप्टेंबर पाऊलही घालू नये. इथले मच्छीमार जन्मभर समुद्रावर काढलेले लोक. त्यांच्या यांत्रिक होड्यासुद्धा १ जून ते ३१ जुलै या काळात कायद्याने बंद असतात. मग कोरड्या प्रदेशातून आलेल्या आणि तळ्यात पोहावयास शिकलेल्या तरुणाने तिथे धाडस का दाखवावे? दरवर्षी असे तरुण जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना कळवण्याचे काम इथल्या लोकांना करावे लागते.

नद्यांचेही तसेच. २३ जुलै २०२१ रोजी आलेला पूर हा १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर मानला जातो. तिळारीच्या पाण्याने पेडण्यातील चांदेल, हसापूर, इब्रामपूर या गावांच्या केळी-बागायती बुडविल्या, आणि डिचोली-साखळीकडेही घरांत पाणी शिरले. नदीकाठच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्याने कागदपत्रे व पैसे जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नयेत, हे सांगणे भित्रेपणाचे वाटेल. परंतु जे सांगतात ते अनुभवी असतात. गोकुळाष्टमीस नार्व्याच्या पंचगंगेवर तीर्थस्नान असते. शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले आणि २०२३ मध्ये पुन्हा दुरुस्त होऊन नवे रूप ल्यालेले सप्तकोटीश्वराचे मंदिर पाहण्यास तो दिवस अतिशय भाविकतेचा. पण पाणी गढूळ आणि ओढीचे असते. वृद्धांनी काठावर बसून तांब्याने स्नान केले, तरी पुण्य उणे होणार नाही, असे आमचे मत आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग पावसाळ्यात येऊच नये काय? अवश्य यावे. ओढ्यांचा आवाज, भाताच्या लावणीची हिरवाई, सड्यांवर श्रावण-भाद्रपदात उमलणारी इवली इवली फुले, आणि चतुर्थीच्या दिवसांतील माटोळी, यांच्यासारखे वैभव इतर दिवसांत दिसत नाही. रानातील फळे, फुले, वेली यांनी गणपतीच्या डोक्यावर बांधलेली ती चौकट पाहिली, की इथल्या माणसाचे रानाशी असलेले नाते कळते. मात्र चतुर्थीस घरे माणसांनी भरलेली असतात. त्या दिवसांत येणाऱ्याने अंथरूण-पांघरुणाची एक हलकी वळकटी आपली आणावी. यजमानीण मुखाने काही म्हणणार नाही, पण मनातून दुवा देईल.

पाऊस ओसरला, की हस्त-चित्रा नक्षत्रांत पुन्हा उकाडा येतो. आकाश निळे, ऊन कडक, जमीन अजून ओली, त्यामुळे घाम वैशाखासारखाच. दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजांचा लखलखाट होतो. उघड्या सड्यावर किंवा माडाखाली त्या वेळी थांबू नये. पेडण्याची पुनव याच काळात येते. कोजागिरीच्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि सारा महाल लोटतो. कपडे सुती, सोबत छत्री, आणि रात्रभर उभे राहण्याची तयारी ठेवली, की पुरे.

त्यानंतरचे तीन-चार महिने सर्वांत सुखाचे. त्रिपुरी पौर्णिमेस साखळीला वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या नौका सोडतात. तो सोहळा चांदण्यात पाहावा. ग्वाल्हेरची मंडळी डिसेंबरात येताना घरातील सर्व लोकरी कपडे घेऊन निघतात. ते घरापासून गाडीपर्यंत आणि परतताना गाडीपासून घरापर्यंत उपयोगी; मधले दिवस बॅगेचे ओझे. दुपारी इथे बत्तीस अंशांपर्यंत पारा असतो. तथापि ‘काहीच नको’ म्हणणेही बरोबर नाही. जत्रा सुरू झाल्या, की पेडणे तालुक्यात देवळांपुढे उघड्यावर दशावतारी नाटके रात्रभर चालतात. दुसऱ्या प्रहरानंतर दहिवर पडू लागते. ते दिसत नाही, पण खुर्ची, केस, खांदे सारे ओले होते. तेव्हा कानटोपी आणि एक शाल हवी. लहान मुलांचे डोके झाकावे. डिचोलीकडे पहाटे पारा सोळा-सतरापर्यंत उतरतो. त्यासही तीच शाल पुरते. मोरज्याच्या किनाऱ्यावर याच महिन्यांत समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात, म्हणून तिथे रात्री विजेऱ्या मारीत फिरू नये.

फाल्गुनात शिगमा येतो. घोडेमोडणी, रोमटामेळ पाहावयास या बाजूसारखा प्रदेश नाही. परंतु उष्मा तेव्हापासूनच सुरू होतो, आणि गुलालाच्या भीतीने जुने कपडेच आणावेत.

प्रवासाविषयी थोडे. मोपा येथील विमानतळ पेडणे तालुक्यातच असून तेथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. रेल्वेने येणाऱ्यांस पेडणे स्थानक आहे, परंतु थिवी येथे अधिक गाड्या थांबतात आणि डिचोलीस तेच जवळचे. बेळगावकडून मोटारीने येणारे चोर्ला घाटाने साखळीस उतरतात. वाटेत केरी लागते ती सत्तरी तालुक्यातील. जिवबादादांची केरी नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे गाडीवाल्यास तालुक्याचे नाव अवश्य सांगावे. पावसाळ्यात या घाटात धुके इतके दाट असते, की दिवसाउजेडीच उतरावे. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मंद गतीने धावतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याजवळच्या बोगद्यात पाणी शिरल्याने गाड्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. म्हणून या महिन्यांत परतीच्या तिकिटानंतर लगेच दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर होण्याचा, किंवा पुढची गाडी पकडण्याचा बेत करू नये. एक दिवस हाताशी राखावा. औषधेही त्या हिशेबाने तीन-चार दिवसांची अधिक आणावीत.

आणि घरी पोहोचल्यावर थकवा असला, तरी बॅग तशीच माळ्यावर टाकू नये. त्याच दिवशी ती रिकामी करावी, कपडे धुण्यास काढावेत, आणि बॅग उघडून दोन दिवस कडकडीत उन्हात ठेवावी. इंदूर-ग्वाल्हेरकडे ते ऊन मुबलक आहे.